परतवाडा ते चिखलदरा, बॅटरीवर: लाखोंची कार्बन ई-एमटीबी घ्यावी का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ झाला नाही, किंवा बसमधल्या गोंगाटात निम्मा ऐकूच आला नाही, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना जे आकडे भराभर सांगितले ते इथं नीट मांडले आहेत. काही ठिकाणी बोलीभाषा तशीच ठेवली आहे, कारण आपण अमरावती-अकोल्याचेच आहोत बाप्पा, उगाच पुस्तकी कशाला बोलायचं!

विषय असा. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं आला. कोणाचा दादा जर्मनीत आहे आणि तो जुनी सायकल पाठवतो म्हणतो. कोणी यूट्यूबवर आल्प्समधले व्हिडिओ पाहून ठरवलंय की पहिल्या पगारावर कर्ज काढायचं. सायकल एकाच जातीची: कार्बनची फ्रेम, पुढं-मागं १६० ते १८० मिलिमीटर सस्पेन्शन, मधोमध मोटर. हिला म्हणतात लाँग ट्रॅव्हल ई-एंड्युरो. युरोपात अशी नवी सायकल साधारण ६ ते १२ हजार युरोंना मिळते, म्हणजे कर आणि वाहतूक धरायच्या आधीच पाच-सहा लाखांच्या वर. एवढ्या पैशात घरी सेकंड हँड कार येते. त्यामुळं "भारी हाय, घेऊन टाक" असं म्हणून चालणार नाही. तिला मोजायचं कसं ते पाहू.

आधी एंड्युरो म्हणजे काय?

एंड्युरो शर्यतीत वेळ मोजतात ती मुख्यतः उताराची. चढ स्वतःच चढायचा असतो. तिथं सेकंद मोजत नाहीत, पण ठरलेल्या वेळेत वर पोचावं लागतं. २०१३ साली एंड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली आणि हा प्रकार जगभर गेला. २०२० मध्ये तिची इलेक्ट्रिक बहीण आली. त्यात चढाचेही मोजलेले टप्पे असतात, त्यांना पॉवर स्टेज म्हणतात. म्हणजे या सायकलीला दोन कामं नीट जमली पाहिजेत: दगडधोंड्यांच्या तीव्र उतारावर स्थिर राहणं, आणि तेवढाच अवघड चढ मोटरच्या मदतीनं चढणं.

आता आपल्याकडचा नकाशा डोळ्यासमोर आणा. अमरावती ते परतवाडा जवळपास सपाट. परतवाड्यापासून गाविलगडच्या डोंगररांगा सुरू होतात आणि साधारण ३० किलोमीटरमध्ये आपण सुमारे ७०० मीटर चढून चिखलदऱ्याला पोचतो. चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर. वऱ्हाडात एवढा सलग चढ-उतार दुसरीकडं नाही. म्हणून हिशोब याच घाटावर करू.

बॅटरीचा हिशोब: एकदा समजला की जन्मभर कामाचा

बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतात: ३२०, ६३०, ८००. दुकानदार सांगेल "शंभर किलोमीटर जाते". त्याला एकच विचारा, "भाऊ, चढ किती मीटरचा धरला?" कारण डोंगरात किलोमीटरपेक्षा उंची जास्त बॅटरी खाते.

सूत्र सोपं आहे. १०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे २७ वॅट-अवर लागतात. तुम्ही ७० किलोचे, सायकल २४ किलोची, पाणी-पिशवी पाच-सहा किलोची: झाले १०० किलो. ७०० मीटर म्हणजे सुमारे १९० वॅट-अवर. हे फक्त उंचीचं. जाड, खडबडीत टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध धरला तर ३० किलोमीटरमध्ये जवळजवळ तेवढेच अजून जातात. एकूण धरा ३९० च्या आसपास.

यातलं निम्म्याच्या थोडं आत काम तुमचे पाय करतात. तासाला १८ किलोमीटरनं गेलात तर एक तास चाळीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ ११० वॅट देणं नियमित चालवणाऱ्या पोट्ट्याला जमतं. त्याचे झाले सुमारे १८०. उरलेले २१० मोटरनं द्यायचे. मोटरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून बॅटरीतून जातील साधारण २७०.

आता दोन खऱ्या सायकली शेजारी ठेवू. स्पेशलाइज्डची केनेव्हो एसएल: कार्बन, पुढं-मागं १७० मिलिमीटर, हलकी मोटर, ३५ न्यूटन-मीटर, बॅटरी ३२० वॅट-अवर. दुसरी सांताक्रूझ बुलिट, तिची शिमानो ईपी८ मोटरची आवृत्ती: तीही कार्बन, तीही १७० मिलिमीटर, पण ८५ न्यूटन-मीटर आणि ६३० वॅट-अवर. पहिलीवर एकदा चिखलदरा गाठला की बॅटरी तळाला. दुसरीवर खाली येऊन पुन्हा एकदा वर जाता येईल, तेही जेमतेम. शिवाय पहिलीत मोटर मदत कमी करते, त्यामुळं तीव्र चढावर पाय तुमचेच दुखणार. बदल्यात ती हलकी आणि उतारावर साध्या सायकलीसारखी चपळ. यात चांगली-वाईट असं काही नाही. तुम्हाला दिवसात किती चढ करायचेत यावर ते ठरतं.

चार्जिंगच्या खर्चाची काळजी सोडा. ८०० वॅट-अवरची बॅटरी भरायला एक युनिटभर वीज लागते. खर्च दुसरीकडं आहे, त्याकडं येतोच.

आणि हो, अमरावतीहून थेट चालवत जायचा विचार असेल तर थांबा. सपाट रस्त्यावर २५ च्या वेगाला मोटर मदत बंद करते. त्यापुढं २४ किलोची, जाड टायरची सायकल तुम्ही एकटे ओढता. परतवाड्यापर्यंत ती गाडीत न्यावी लागते. म्हणजे तशी गाडी आणि मजबूत कॅरिअर हाही खर्चात धरा.

सस्पेन्शन: जास्त म्हणजे चांगलं, असं नाही

१७० मिलिमीटर ट्रॅव्हल म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. मोठ्या दगडावरून, पायरीसारख्या उतारावरून जाताना ते जीव वाचवतं. पण साध्या कच्च्या रस्त्यावर, शेताच्या धुऱ्यावरच्या पाऊलवाटेवर तीच सायकल सुस्त वाटते. हँडलचा कोन ६३-६४ अंशांचा, म्हणजे पुढचं चाक लांब पुढं. उतारावर स्थिर, पण हळू वेगात वळवायला जड.

तपासताना पहिलं काम सॅग मोजायचं. सॅग म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं. मागं साधारण ३० टक्के, पुढं १५ ते २० टक्के. शॉकच्या दांड्यावर रबराची कडी असते. समजा शॉकचा स्ट्रोक ६५ मिलिमीटर आहे, तर कडी १९-२० मिलिमीटरवर थांबली पाहिजे. हवा कमी-जास्त करून तिथं आणा. हे न करता चालवून पाहिलं आणि "मजा नाही आली" म्हटलं, तर ती चाचणीच झाली नाही.

सीटचा कोनही पाहा. ७६ ते ७८ अंश असेल तर चढावर वजन पुढं राहतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही. मोटरच्या जोरात हे फार महत्त्वाचं.

कार्बन: फायदा किती, धोका कुठं?

रेसिंगच्या साध्या सायकलीत कार्बन मोठा फरक करतो. पण ई-सायकलीत मोटर अडीच-तीन किलोची, बॅटरी तीन-चार किलोची. अशा २४ किलोच्या सायकलीत कार्बन फ्रेमनं एखादा किलो वाचतो. म्हणजे चार टक्के. आधीच्या हिशोबात टाका: चिखलदऱ्यापर्यंत एक किलो कमी म्हणजे फक्त दोन-तीन वॅट-अवरची बचत. त्यासाठी लाखभर जास्त द्यायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कार्बन कमजोर आहे, हा गैरसमज मात्र काढून टाका. योग्य दिशेनं तो फार मजबूत असतो, आणि आपल्या उन्हानं फ्रेमला काही होत नाही. त्याची अडचण वेगळी. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो, दिसतो. कार्बनला टोकदार मार बसला तर वरून बारीक ओरखडा आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. आपला डोंगर बेसॉल्टचा, काळा, धारदार. पुढच्या चाकानं उडालेला दगड थेट खालच्या नळीवर बसतो, आणि तिथंच आत बॅटरी असते. म्हणून खालच्या नळीवर जाड रबरी कवच आहे का, ते पाहाच.

जुनी सायकल घेताना नाण्यानं फ्रेम हलकेच ठोकत जा. सगळीकडं टणक आवाज येतो आणि एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर सौदा थांबवा आणि जाणकाराला दाखवा. ही पक्की चाचणी नाही, पण धोक्याची घंटा आहे. कार्बन दुरुस्त होतो, पण त्यातल्या माणसाकडूनच. एमआयडीसीतल्या वेल्डरभाऊंचा हात कितीही सफाईदार असला तरी हे त्यांचं काम नाही. आणि बोल्ट "हातानं कच्चून" आवळायचे नाहीत. टॉर्क रेंच घ्यावाच लागेल. हँडलच्या बोल्टला बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, आकडा तिथंच छापलेला असतो.

मोटर आणि कायदा

पुण्याची ई-मोटोराड किंवा हिरो लेक्ट्रोच्या बऱ्याच सायकलींत मोटर मागच्या चाकात असते. शहरात, कॉलेजला जायला ती उत्तम. पण तीव्र चढावर चाक हळू फिरतं, मोटरही हळू फिरते आणि तापते, कारण तिला गिअरचा फायदा मिळत नाही. एंड्युरो सायकलीत मोटर पायडलजवळ असते, तिचा जोर साखळीतून गिअरमध्ये जातो. म्हणून ती घाटात टिकते. किंमत साखळी मोजते: पाय आणि मोटर दोघांचा जोर तिच्यावर, त्यामुळं ती लवकर झिजते. गिअर बदलताना क्षणभर जोर कमी करायची सवय लावा.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या सायकलीची मोटर पाव किलोवॅटच्या आतली आहे, पायडल थांबलं की मदत थांबते आणि वेग २५ ला पोचेपर्यंत ती पूर्ण बंद होते, ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे लायसन्स नको, नंबर प्लेट नको. हा आकडा सतत देता येणाऱ्या शक्तीचा असतो. क्षणभराची कमाल शक्ती बरीच जास्त असते: बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्समध्ये ती ६०० वॅटपर्यंत होती, आणि २०२४ साली आलेल्या डीजेआयच्या ॲव्हिनॉक्समध्ये बूस्टला १,००० वॅटपर्यंत जाते. म्हणून घेण्याआधी कागदावरची सतत-शक्ती आणि वेगाची मर्यादा दोन्ही तपासा. बाहेरून येणारी सायकल कोणत्या देशाच्या सेटिंगची आहे तेही विचारा, कारण अमेरिकेत ३२ किलोमीटरपर्यंत मदत देणाऱ्या सायकली सर्रास विकल्या जातात.

आपलं ऊन आणि बॅटरी

अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास आणि घराच्या गच्चीवरची खोली त्याहून गरम. लिथियम बॅटरीच्या चार्जिंगला बहुतेक कंपन्या ४० अंशांची मर्यादा सांगतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग नाही. राइडवरून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, पहाटे लावा, आणि झोपेत असताना लावून ठेवू नका. महिनाभर चालवणार नसाल तर ३० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरून टिनाच्या शेडमध्ये ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं.

जर्मनीतल्या दादाला एक गोष्ट आत्ताच सांगा: १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातात, ना लगेजमध्ये. म्हणजे तो सायकल आणेल, पण बॅटरी आणू शकणार नाही. ती धोकादायक माल म्हणून वेगळी पाठवावी लागते. मोटर-बॅटरी एकमेकांना ओळखणाऱ्या असतात. दुसरी कुठली तरी बॅटरी लावून चालत नाही. बॅटरीशिवायची ई-एमटीबी म्हणजे २० किलोची महागडी साधी सायकल.

ब्रेक आणि टायर

चिखलदऱ्याहून खाली येताना जी ऊर्जा चढताना साठवली ती कुठं तरी जायलाच हवी. १०० किलो आणि ७०० मीटर: तेवढ्या ऊर्जेत दोन लिटर गार पाणी उकळेल! काही भाग हवेत आणि टायरमध्ये जातो, बाकीचा ब्रेकमध्ये. म्हणून चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटर किंवा मोठी डिस्क हवीच. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

टायर ट्यूबलेस, जाड बाजूंचे. वऱ्हाडात बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यापुढं साधी ट्यूब टिकत नाही. आतला सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी पाहत जा. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की फ्रेम आणि टायरमधली जागाच भरते. धुताना प्रेशरची पिचकारी बेअरिंग, मोटर आणि शॉकवर मारू नका. फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस साधारण ५० तासांनी लागते. तो खर्च दरवर्षीचा, आणि तो मेकॅनिक अमरावतीत मिळेल का, की सायकल खोक्यात घालून पुण्याला पाठवावी लागेल, हे आधी फोन करून विचारा.

सगळ्यात मोठा प्रश्न: चालवणार कुठं?

चिखलदऱ्याच्या आजूबाजूचं बरंचसं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. नरनाळाही त्यातच. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग पायी असो की सायकलवर. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. त्यांच्या पायऱ्या म्हणजे आपला एंड्युरो ट्रॅक नव्हे.

दंड तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं ऐका. तिथं वाघ आहे, बिबट आहे, रानगवा आहे आणि अस्वल आहे. अस्वलाला अचानक माणूस समोर आला की ते पळत नाही, अंगावर येतं. जवळजवळ बिनआवाज, ३०-४० च्या वेगानं वळणावरून उतरणारी सायकल म्हणजे नेमकं "अचानक". वर अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, आणि हाड मोडलं तर मोठ्या दवाखान्यासाठी अमरावती गाठायची, म्हणजे ८० किलोमीटर. तिथली माणसं, कोरकू गावं, गुरं याच वाटांवरून रोज जातात. त्यांच्या वाटेवर आपण पाहुणे.

म्हणून उरतं काय? डांबरी घाट, गावांना जोडणारे रस्ते, ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेतलेली टेकडी, आणि वनविभागाला विचारून मिळेल ती जागा. यातल्या बहुतेक ठिकाणी १७० मिलिमीटरची गरजच नाही.

मग आमचं मत

वर्षातून चार-पाच वेळा सह्याद्रीत किंवा हिमाचलात जाऊन उतार मारणार असाल, शर्यतीत उतरायचं पक्कं असेल, सर्व्हिसची सोय ठरलेली असेल, आणि पैसा घर न हलवता निघत असेल, तर घ्या. त्यातही ॲल्युमिनियमची आवृत्ती असेल तर ती आधी पाहा. वाचलेल्या पैशात फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि दोन वर्षांची सर्व्हिस निघते.

फक्त आपल्याच भागात फिरायचं असेल तर १३० ते १५० मिलिमीटरची सायकल पुरेशी होते. आणि नुकतीच सुरुवात असेल तर चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी. घाट पायांनी चढा, उतारावर ब्रेक शिका. हे कौशल्य बॅटरीबरोबर मिळत नाही.

कर्ज काढून, किंवा बाबांनी कापूस-सोयाबीनमधून बाजूला ठेवलेल्या पैशातून घेणार असाल तर आमचं उत्तर स्पष्ट आहे: नको. ही शर्यतीची वस्तू आहे, तिची किंमत दरवर्षी घसरते.

श्रोत्यांचे तीन प्रश्न

*"दादा, ॲपमधून २५ ची मर्यादा काढून टाकली तर काय होते?"*
मग ती कायद्यानं सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. नोंदणी, लायसन्स, विमा, सगळं लागतं आणि तुमच्याकडं त्यातलं काहीच नसतं. अपघात झाला तर प्रकरण फार महागात पडेल. वॉरंटीही जाते.

*"ताई, जुनी घेताना बॅटरी चांगली हाय का, कसं समजते?"*
किलोमीटर पाहून समजत नाही. किती वेळा पूर्ण चार्ज झाली आणि मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली, हा रिपोर्ट अधिकृत डीलर मशीन जोडून काढून देतो. तो विकणाऱ्याकडून मागा. सोबत मूळ बिल, फ्रेम नंबर आणि चार्जर. ॲपमधलं लॉक जुन्या मालकाच्या नावावर नाही ना, तेही पाहा. रिपोर्ट द्यायला टाळाटाळ केली तर सौदा सोडा.

*"काहून भाऊ, उतारावर मोटर आतून खडखडते, बिघडली काय?"*
घाबरू नका. काही मोटरमध्ये पायडल थांबवल्यावर आतल्या क्लचचे भाग हलतात आणि दगडांवर तो आवाज येतो. मात्र चढावर, जोर लावताना घरघर किंवा कटकट आली तर सर्व्हिसला दाखवा.

एपिसोड आवडला तर जो पोट्टा सध्या कर्जाचा फॉर्म भरतोय त्याला पाठवा. पुढच्या भागात दहा हजारांच्या आतली जुनी एमटीबी घरच्या घरी कशी नीट करायची, ते बोलू. तोवर हेल्मेट घाला, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, आणि घाटात एस.टी.ला साइड द्या.